सेकंदाचा पन्नासावा भाग

नवरी गाडीत बसली, गाडीची काच वर गेली, चित्र क्षणभर चौकड्याचौकड्यांचं झालं आणि मी चहाचा कप उचलायला वळलो, तेवढ्यात स्पीकरमधून घुंगरांचा आवाज आला. लग्नाच्या कॅसेटमध्ये घुंगरं कुठली, म्हणून मी मान वळवली तर पडद्यावर नवरी नव्हती, मांडव नव्हता, नुसती धूळ होती. धुळीपलीकडून भोंग्यावर कोणीतरी घसा फाडून ओरडत होतं, "सुटली, सुटली, जोडी सुटली!" मी कप तसाच खाली ठेवला. ही धूळ मला ओळखता येत होती. आपल्या घरातला आवाज अंधारातही ओळखू येतो, तशी. नवेटोल्याच्या शंकरपटाची, अठरा वर्षांपूर्वीची, शेवटच्या फेरीची धूळ. जी कॅसेट मी पुसून टाकली असं अठरा वर्षं समजत होतो, आणि तसं भावाला शपथेवर सांगितलं होतं, ती पुसली गेली नव्हती. शेवटची काही मिनिटं उरली होती. गुणवंतरावांच्या लेकीचं लग्न त्याच कॅसेटवर घेतलं, पण लग्न लवकर आटोपलं आणि कॅसेट लांब होती.

आता यात माझी चूक म्हणाल तर धंद्याची रीतच तशी होती. त्या वेळी सिंदेवाहीत आम्ही दोघेतिघेच व्हिडिओवाले. कॅसेटवर शूटिंग करायचं, कंपुटरवर घ्यायचं, सीडी पार्टीच्या हातात ठेवायची आणि कॅसेट गुंडाळून पुढच्या लग्नाला तयार. एकेका कॅसेटवर चार चार नवऱ्या बसून गेलेल्या. कोणी मूळ मागत नसे, कारण मूळ असं काही असतं हेच लोकांना ठाऊक नव्हतं. मूळ मागणारा आख्ख्या तालुक्यात एकच निघाला, आणि तो माझा सख्खा मोठा भाऊ होता.

तो तेव्हाही बाहेरच बसला होता. दुकानाच्या पायरीलगत बाक आहे, त्यावर वारलूभाऊ सकाळी नऊला येऊन बसतो, कुबडी भिंतीला टेकवतो आणि संध्याकाळी माझ्याबरोबर गाडीवर मागे बसून घरी येतो. उजवा पाय गुडघ्याच्या वरून नाही. समोर झाडूची चहाटपरी आहे आणि झाडूला गिऱ्हाइकांना हसवल्याशिवाय चहा पाजता येत नाही. आभाळ निरभ्र असलं की तो हमखास ओरडतो, "का गा वारलूभाऊ, आज वीज पडते का?" आणि चहा पिणारे हसतात. नवेटोल्यापासून सिंदेवाहीपर्यंत भावाचं नाव 'विजेवाला वारलू' आहे. का, तर जानेवारीच्या कोरड्या संध्याकाळी, ढगाचा ठिपका नसताना, भर पटात त्याला वीज चमकलेली दिसली. असं तो म्हणतो. बैलाच्या डोळ्यात वीज चमकली, बैल बिचकला, छकडा उलटला. लोक म्हणतात, वीज नव्हती, बाटली होती.

आमच्या झाडीपट्टीत बैलांच्या शर्यतीला पट म्हणतात, आणि छकड्यावर उकिडवा बसून जोडी हाकणाऱ्याला धुरकरी. वारलूभाऊसारखा धुरकरी चंद्रपूर-गडचिरोलीत नव्हता, हे मी भाऊ म्हणून सांगत नाही. गुणवंतरावांनी आपली लाल्या-चंद्राची जोडी दुसऱ्या कोणाच्या हातात कधी दिली नाही. पटाच्या दिवशी भाऊ सूर्य उगवल्यापासून गुळाच्या पाण्यावर राहायचा, अन्नाचा कण नाही. "बैलाले वास येते गा," तो म्हणायचा, "आपल्या तोंडाले कालच्या भाजीचा वास आला तरी चंद्रा कान टवकारते." असा माणूस दारू पिऊन छकड्यावर बसेल? पण चंद्राचा पाय मोडला, त्याला मारावा लागला, आणि जिंकलेल्या जोडीतला बैल मेला तर कोणाच्या तरी डोक्यावर खापर फुटायला हवं. गुणवंतराव त्या संध्याकाळी म्हणाले, "पिऊन बसला होता हा." गाव म्हणालं, हो, वास येत होता. भाऊ दवाखान्यात शुद्धीवर आला तेव्हा पाय गेला होता आणि नावही गेलं होतं. त्याने पायाबद्दल विचारलं नाही. "गोप्या," तो म्हणाला, "तुह्या कॅसेटमंधी असन ना. पाह्य ना, वीज दिसते का." मी म्हणालो, पाहिलं भाऊ, नाही दिसत. ते खोटं नव्हतं. मी सीडी पाहिली होती.

घुंगरांचा आवाज ऐकून तो आत आला. कुबडीचा ठोका फरशीवर वाजला आणि मला वाटलं, पडदा बंद करावा. केला नाही. तो माझ्या खुर्चीमागे उभा राहिला. त्याला आता लांबचं नीट दिसत नाही, जवळचंही धूसरच, पण घुंगरं त्याला कानाने दिसत होती.

"हा चंद्रा हाये," तो म्हणाला. "उजवीकडचा. गोपाल, हे तेच हाये ना?"

"हो भाऊ."

"तू त म्हनला होता का कॅसेट पुसली."

"मले तसंच वाटत होतं. थोडीशी उरली."

जोडी धुळीतून बाहेर आली, पडद्यावर मोठी झाली, रेघ ओलांडून गेली आणि कॅमेरा हलला. मग नुसती पळणारी माणसं, ओरडा. भावाने माझा खांदा धरला होता. बोटं रुतत होती. "दिसली काय?" त्याने विचारलं. मी म्हणालो, इतक्या वेगात काय दिसणार, साफ करून पाहावं लागेल. तो हसला. मी अठरा वर्षांत त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. "मले नको दाखवू," तो म्हणाला. "मले कायले? म्या त पाह्यलीच हाये. गुणवंतभाऊच्या त्या मोठ्या पडद्यावर दाखवजो. सगळ्याईले दिसू दे एकदा."

मोठा पडदा म्हणजे असं, की मधली काही वर्षं पटावर बंदी होती, आता पट पुन्हा सुरू झाले आणि नवेटोल्याचाही यंदा व्हायचा होता. गुणवंतराव समितीचे अध्यक्ष. त्यांना पटाच्या आदल्या संध्याकाळी एलईडीच्या पडद्यावर जुन्या दिवसांची चार मिनिटांची फिल्म दाखवायची होती. "व्हिडिओवानी नाई पायजे," त्यांनी बजावलं होतं, "सिनेमावानी पायजे." शेवटच्या फेरीत जोडी रेघ ओलांडते तिथे स्लो मोशन. आणि लेकीच्या लग्नात एकट्या लाल्याला नवरदेवापुढे मिरवला होता, तेही टाकायचं. म्हणून तर मी लग्नाची कॅसेट काढली होती; गुणवंतरावांच्या घरची म्हणून ती तेवढी पुन्हा वापरली नव्हती. सत्काराला जुने धुरकरी बोलावले होते, सात जण. आमच्या भावाचं नाव त्या यादीत नव्हतं.

सिनेमासारखं. हा शब्द माझ्या आयुष्यातून काढला तर मागे काय उरेल, सांगता येत नाही. लहानपणी मंडईच्या जत्रेतल्या सिनेमाच्या तंबूत, नंतर बल्लारपूरच्या टॉकीजात, पुढच्या रांगेत मान वर करून बसलो की एक गोष्ट कळायची, की पडद्यावरची माणसं आपल्यासारखी हलत नाहीत. त्यांचं चालणं जरा तुटक, जरा स्वप्नातलं असतं, म्हणून ती मोठी वाटतात. व्हिडिओत तसं नाही. व्हिडिओत सगळं जसंच्या तसं, गुळगुळीत आणि ओलं. मामाचं सुटलेलं पोट, नवरीच्या नाकावरचा घाम, पंगतीतला वरणाचा ओघळ. लोक मला फोटोग्राफर म्हणत नसत, 'व्हिडिओवाला' म्हणत, आणि त्या शब्दात जो हलकेपणा होता तो माझ्या अंगाला चिकटून राहिला. मग कंपुटर आला, आणि एका पुस्तकात वाचून मला युक्ती सापडली. जुन्या व्हिडिओचं प्रत्येक चित्र खरं तर दोन अर्ध्या चित्रांचं विणलेलं असतं. एकात पहिली, तिसरी, पाचवी ओळ आणि दुसऱ्यात दुसरी, चौथी, सहावी. दोन्ही अर्धी एका क्षणाची नसतात. दुसरं सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने मागून येतं. सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं, म्हणून ते खरंखुरं, डोळ्याला बोचणारं चालणं. त्यातलं प्रत्येक दुसरं अर्धं फेकून द्यायचं. उरलेलं अर्धं ताणून पूर्ण करायचं. वर-खाली काळ्या पट्ट्या, थोडे कण, जरा तपकिरी रंग. झाला सिनेमा. अर्धं फेकून दिलं की सुंदर दिसतं, हे मला वयाच्या सव्विसाव्या वर्षी कळलं आणि मी अख्ख्या तालुक्याची लग्नं तशी करत सुटलो. कोणीही, एकानेही, कधी विचारलं नाही की बाकीचं अर्धं कुठे गेलं.

दुपारी नीलिमा डबा घेऊन आली. माझी बायको बोलते कमी पण एकदा बोलली की खिळा ठोकते. भावजींचा चेहरा असा उजळलेला का, तिने विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "दाखवा मग. त्याईले अठरा वर्सं झाली आयकत. तुमाले काय जाते?" मी म्हणालो, दिसली तर दाखवतो. ती डबा ठेवून गेली. मी दुकानाचं आतलं दार लावलं आणि जोडी पुन्हा सोडली, पण आता अर्धं चित्र, मग अर्धं चित्र, एकेक करून. जुन्या कॅसेटचं विणकाम सोडवलं की एक सेकंद फार मोठा होतो. बैल हवेत राहतात. चाकाखालचा खडा उडतो आणि उडतच असतो. वारलूभाऊचं तोंड उघडं आहे, दोन्ही पाय छकड्याच्या दांड्यावर घट्ट. दोन्ही पाय. त्या उजव्या पायाकडे मी इतका वेळ पाहत राहिलो की डब्यातली भाजी गार झाली. पोटरीला काळा धागा बांधलेला होता. तो धागा आईने बांधला होता आणि मी तो विसरलो होतो. मग पुढचं अर्धं, पुढचं अर्धं. चंद्राचे पुढचे खूर रेघेवर. पुढचं अर्धं. आणि पडदा पांढरा झाला.

मी बोट मागे घेतलं. त्या एका अर्ध्या चित्रात धूळ जळल्यासारखी पांढरी होती, बैलांची तोंडं दगडाच्या मूर्तीसारखी लख्ख, चंद्राचा एक डोळा दिव्यासारखा पेटलेला. पुढचं अर्धं चित्र पुन्हा संध्याकाळचं, मळकट, शांत. त्यात चंद्राची मान वळायला लागलेली. त्याच्या पुढच्यात आणखी. वीज होती. माझा भाऊ अठरा वर्षं खरं बोलत होता. मला हुंदका आला, हे मी कबूल करतो, आणि तो आनंदाचा होता. मी उठलोसुद्धा त्याला हाक मारायला. मग मी पुन्हा बसलो, कारण माझ्यासारख्या माणसाला प्रकाश दिसला की तो कुठून आला हे पाहायची खोड असते. चाळीस वर्षांच्या धंद्याची नसली तरी वीस वर्षांची. वीज वरून पडते. हा प्रकाश वरून नव्हता. बैलांच्या सावल्या मागे, सरळ मागे, रेघेच्या पलीकडे पडल्या होत्या. प्रकाश समोरून, माणसाच्या छातीच्या उंचीवरून आला होता. कॅमेऱ्याच्या अगदी शेजारून. कॅमेऱ्याशेजारी त्या दिवशी एकच माणूस उभा होता.

मी वर पाहिलं. तसं पाहायची गरज नव्हती. काउंटरच्या वर, काचेच्या फ्रेममध्ये तो फोटो आहे. बारा बाय अठरा. लाल्या आणि चंद्रा हवेत, धूळ, मागे सागाची झाडं, आणि दोन्ही बैलांचे डोळे पेटलेले. या फोटोने मला नाव दिलं. गुणवंतरावांच्या दिवाणखान्यात याचीच मोठी प्रत आहे. गिऱ्हाईक आलं की म्हणतं, काय डोळे आलेत बैलांचे, काय जोश आहे. आणि मी म्हणतो, हो, तो क्षण पकडावा लागतो. ऑर्डर फोटो आणि व्हिडिओ दोन्हींची होती. माणूस मी एकटा. व्हिडिओचा कॅमेरा तिपाईवर चालू, गळ्यात फोटोचा कॅमेरा. सूर्य सागाच्या मागे गेला होता. फ्लॅश भरताना तो बारीक किणकिण आवाज करायचा, तो आवाज मला आत्ता, या घडीला ऐकू येतो. लाल दिवा लागला. मी दाबलं. हे सगळं मला आठवत होतं, कायमच आठवत होतं. भावाचं 'वीज, वीज' हेही आठवत होतं. फक्त या दोन आठवणींची गाठ मी कधी पडू दिली नाही. एक पुढच्या दाराने आली की दुसरीला मागच्या दाराने काढून देत होतो. आणि ज्या दुकानात हा फोटो लावलाय, त्याच्याच दारातल्या बाकावर तो अठरा वर्षं बसत होता.

बरं, मला कळलं नव्हतं म्हणावं तर आणखी एक आठवण आहे. ती सीडी बनवताना मी पहिल्यांदा वरच्या ओळी, म्हणजे पहिली-तिसरी-पाचवीवालं अर्धं, ठेवल्या होत्या आणि खालच्या, दुसरी-चौथीवाल्या, फेकल्या होत्या. रेघेवर एक चित्र पांढरंफेक आलं. घाणेरडं दिसत होतं, सिनेमासारखं नव्हतं. टेपला डाग असेल असं मी मनात म्हणालो, आणि कंपुटरला सांगितलं, वरच्या फेक, खालच्या ठेव. एक बटण. डाग गेला, सीडी स्वच्छ झाली. तेव्हा भाऊ दवाखान्यात होता. तीन आठवड्यांनी गुणवंतरावांच्या लेकीच्या, उर्वशीच्या लग्नाला कॅसेट हवी होती, आणि कपाटात दुसऱ्या चार कॅसेटी रिकाम्या होत्या. मी हीच उचलली. का उचलली? हाताला आली म्हणून. माणसाच्या हाताला काय यावं हे कोण ठरवतं, देव जाणे. मला तरी आता त्यावर बोलायचं नाही.

लोक म्हणतात, भाऊ असावा तर गोपालसारखा. लंगड्या भावाला अठरा वर्षं पोसलं, स्वतःच्या गाडीवर आणतो, नेतो, कधी वर आवाज नाही. लग्नात, तेरवीत, गावच्या चार माणसांत माझं उदाहरण देतात, आणि मी खाली पाहतो, तर म्हणतात, किती नम्र आहे. त्या दुपारी मला त्या सगळ्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. ही कसली पुण्याई. ज्याचा पाय मी घेतला त्याला मी दोन वेळचं जेवण देत होतो, आणि वर त्याचे आशीर्वादही खात होतो. भाऊ परवापर्यंत म्हणायचा, "गोप्या, तू नसता त म्या कुठी गेलो असतो?" कुठे गेला असता? स्वतःच्या दोन पायांवर जिथे जायचं तिथे.

दोन दिवस होते. दोन दिवसांत मी शंभर वेळा ठरवलं. दुकानातून घरी जाताना तो माझ्या मागे बसायचा, एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्यात आडवी धरलेली कुबडी, आणि गाडीच्या आवाजात बोलत राहायचा. कोण कोण येणार, कोणाकोणाला दिसेल. मेले त्यांची नावं घेऊन हळहळायचा, त्यांनाही दिसायला हवी होती म्हणून. धानाच्या बांध्या रिकाम्या झाल्या होत्या, रस्त्याला तणसाचा वास होता. मी प्रत्येक वळणावर म्हणत होतो, आता सांगतो. पुलापाशी सांगतो. बोर्डापाशी सांगतो. घर यायचं. मी सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे मी नीट मोजून पाहिलं. त्याने मला मारलं नसतं. त्याने माफ केलं असतं, लगेच, तिथल्या तिथे, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला असता. त्याचीच मला भीती वाटत होती. आणि गावाची. विजेवाल्या वारलूचं नाव धुतलं गेलं असतं आणि माझ्या नावाने झाडूला नवा विनोद मिळाला असता. गुणवंतरावांच्या दिवाणखान्यातून फोटो उतरला असता. निव्वळ वीज दाखवायची आणि ती कोणाची हे सांगायचं नाही, असंही करता आलं असतं का? केलं असतं, पण तो पडदा वीस फुटांचा. सावल्या कुठे पडल्या हे एखाद्या पोराने विचारलं असतं. आजकाल सगळ्यांच्या खिशात कॅमेरा आहे, फ्लॅश काय असतो हे शेंबड्यालाही कळतं.

शेवटच्या दुपारी फिल्म तयार केली. नवीन सॉफ्टवेअर सभ्य आहे, ते विचारतं. वरच्या ओळी ठेवू की खालच्या? बाहेर भाऊ झाडूला सांगत होता, "उद्या चहा फुकट पाजजो बे, उद्या तुही वीज पडते." झाडू हसत होता. माझं बोट माउसवर होतं. मी खालच्या म्हटलं.

नवेटोल्याला पटाच्या मैदानावर दिवस कलता कलता माणसं जमली. भावाने धुतलेलं धोतर नेसलं होतं, सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. गुळाचं पाणी पिऊन आला होता. मी हे पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. सात धुरकऱ्यांना मंचावर नारळ-शाल मिळाली. तो पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर, माझ्या कॅमेऱ्याच्या शेजारी, मान पुढे काढून बसला होता. मग फिल्म लागली. सुंदर झाली होती, खोटं कशाला बोलू. तपकिरी धूळ, काळ्या पट्ट्या, लाल्या नवरदेवापुढे मान हलवत येतो तेव्हा बायका हळहळल्या. मग शेवटची फेरी. स्लो मोशन. बैल स्वप्नातल्यासारखे आले, वारलूभाऊ तरुण, तोंड उघडं, दोन पाय, आणि मैदानात शिट्ट्या वाजल्या. भाऊ खुर्चीतून अर्धा उठला. चंद्राचे खूर रेघेवर आले. रेघ ओलांडली. चित्र तिथेच गोठलं, त्यावर समितीचं नाव आलं, टाळ्या पडल्या.

"झाली?" भावाने मला विचारलं. "दिसली?"

मी कॅमेऱ्यातून डोळा काढला नाही.

त्याने शेजारच्याला विचारलं, मग मागच्याला. "कोनाले दिसली काय?" कोणीतरी हसलं. मंचावरून गुणवंतरावांनी ऐकलं. त्या दिवशी त्यांचं मन मोठं झालं होतं, आणि मोठं मन दाखवायला माणसंही पुष्कळ होती. माइकवरून म्हणाले, "लाव गा गोपाल, आनखी एक डाव लाव. पाहू दे वारलूले." मी पुन्हा लावली. भाऊ कुबडी टेकत पडद्याच्या इतक्या जवळ गेला की त्याच्या डोक्याआड बैलांचे पाय झाकले गेले. तिथे उभं राहून त्याने पूर्ण पाहिलं, नाक लावून. रेघ पुन्हा ओलांडली. अंधूक डोळ्यांनाही दिसेल इतकं स्वच्छ, निर्मळ चित्र. त्यात काहीच नव्हतं.

तो वळला. मंचाच्या पायऱ्या त्याला चढता येत नाहीत, दोघांनी धरून चढवलं. गुणवंतरावांसमोर तो उभा राहिला आणि माइक मध्ये होता म्हणून सगळ्या मैदानाला ऐकू आलं.

"भाऊ, माफ करजा. नवती वीज. एवढ्या मोठ्या पडद्यावर दिसत नाई त नवतीच. म्या पेलो असन. मले आठवत नाई, पन पेलो असन. तुमचा बैल म्या मारला."

आणि तो वाकायला लागला. एका पायावर वाकता येत नाही. गुणवंतरावांनी त्याला वरच्यावर धरलं, छातीशी लावलं, आणि लोकांनी फिल्मला दिल्या नव्हत्या इतक्या टाळ्या दिल्या. बाया डोळे पुसत होत्या. नीलिमा नव्हती पुसत. ती माझ्याकडे पाहत होती.

"गोपाल," गुणवंतराव म्हणाले, "ये इकडे. आमचा दोघाईचा फोटो घे एक."

मी मंचासमोर गेलो. सूर्य सागाच्या मागे गेला होता. फ्लॅश मी काढून खिशात ठेवला होता. फोटो काळा आला. गुणवंतरावांनी स्क्रीन पाहिली आणि हसून म्हणाले, "अंधार हाये ना बे, फ्लॅश मार." मी फ्लॅश बसवला. दाबलं. लख्ख झालं, आणि वारलूभाऊचं सगळं अंग डावीकडे बिचकलं, कुबडी सटकली, गुणवंतरावांनी धरला म्हणून पडला नाही. तो डोळे मिटून उभा होता. मग हळू विचारलं, "हे काय होतं गा, गोपाल?"

"फ्लॅश, भाऊ. फोटोचा."

"फोटोचा," तो म्हणाला.

"डोळे मिटले याचे," गुणवंतराव म्हणाले, "आनखी एक घे."

मला कॅमेरा खाली ठेवता आला असता. त्याच्यापर्यंत चारच पावलं होती. मी म्हणालो, "भाऊ, डोळे उघडे ठेव."

त्याने ठेवले. भिंगाकडे पाहत नव्हता, भिंगाच्या वर, माझ्याकडे पाहत होता, आणि पापणी हलत नव्हती. मी दाबलं. फोटो चांगला आला.